‘इतर’ रांगेतली मॉरिस

आमच्या बन्सीधरला बायकोचा वाढदिवस इचारा, आढ्याकडं बघतो. पर रस्त्यानं एखादी जुनी गाडी जाऊ द्या, नुसत्या आवाजावरून तिचं साल सांगतो. हा माझा पुतण्या, थोरल्या दिराचा पोरगा. पिंगळीला आमची घरं भिताडाला भिताड. सोयाबीन, कापूस करतो, आन शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात म्हशीशेजारी बापाची मॉरिस मायनर बाळगतो. म्हशीवर पानी गळलं तर चालतंय, मॉरिसवर ताडपत्री पायजेच.

गेल्या साली हा गाडी घेऊन संभाजीनगरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेला. तिथल्या मान्सानं इचारलं, “काका, ही नेमकी कुठली मॉरिस?” ह्याला सांगता येईना. इंजिनाजवळची कंपनीच्या नंबराची पाटी कवाच भंगारात गेलेली. मंग त्यायनी गाडी ‘इतर’ लिव्हलेल्या रांगेत लावली. एका अंगाला रोडरोलर, दुसऱ्या अंगाला आइस्क्रीमचा गाडा.

“गाडा रांगेतलाच हुता का, का सहज थांबलता?” म्या इचारलं. लय दिस बोलला न्हाई माझ्याशी.

औंदा मातर इडा उचलला. गाडी खऱ्या नावाच्या रांगेतच उभी करायची. आल्यागेल्याला पकडून सांगायचा, “मॉरिस तीन तऱ्हेची. पहिलीचे दिवे खाली, जाळीला चिटकून. दुसरीचे दिवे वर, पर समोरची काच दोन तुकड्याची, मधी पट्टी. तिसरीची काच अखंड, जराशी वाकलेली.” आमच्या गाडीचे दिवे वर. म्हंजी पहिली गेली. काच अखंड, पर सपाट. आता दुसरी म्हनावं का तिसरी?

तर ह्यो बाबा घरोघर लग्नाचे अल्बम बघत हिंडायला लागला. आसपासच्या गावातले निम्मे नवरदेव ह्याच गाडीतून मिरवलेले. बोरीपस्तोर जाऊन आला. त्याची बायको कडूबाई बेजार. “काकू, बायका मला इचारायल्यात, तुमचे मालक आमच्या लग्नाचे फोटो भिंग लावून का बघायलेत?”

फोटोत तरी काय दिसनार? गाडीच्या तोंडावर झेंडूच्या माळा, बॉनेटवर नवरदेवाचे दोस्त. पर काच जिथं दिसली तिथं अखंडच. बन्सीधर खूश. “तिसरी! कुनीतरी वाकडी काच काढून सपाट बसवली. पुन्याहून वाकडी मागवतो. मिस्त्री उद्या चौकट कापनार हाय.”

चौकट कापायची म्हनल्यावर माझ्या हातातली भाकर परातीतच ऱ्हायली.

“बन्श्या, तुझे अल्बम समदे माझ्या लग्नानंतरचे. माझ्या लग्नात काय झालं ठावं हाय का?”

“तुमच्या लग्नात तर तुमी काच फोडली म्हनं.”

हे बघा! सासरी आल्यापासून हेच ऐकायलेय. पाथरीहून ह्याच गाडीत पुढं बसून नवरी म्हनून आले, गाडी हाकायला नवरदेवच. शिवेवर सासूबाई, सरजाबाई, नारळ ओवाळून फोडायला उभ्या. फोडायचा दगडावर, तर त्यायनी असा भिरकावला की माझ्यासमोरच्या काचंचा चुरा. आन नाव कुनाचं? नवरीच्या पायगुनाचं. बन्सीधर तवा पाळन्यात, त्याला काय ठावं!

“चुरा झाला माझ्यासमोरच्या काचंचा,” म्या म्हनलं. “तुझ्या काकासमोरची हुती तशी ऱ्हायली. अखंड काच अर्धीच फुटती का रे?”

बन्सीधरनं परातीतल्या पिठात बोटानं दोन काचा काढल्या, मधी रेघ.

“मंग परभणीत तसला तुकडा मिळंना. तुझ्या बापानं मधली पट्टी कापली, शोकेसची सपाट काच बसवली, फटीत लांबीचा लगदा थापला. म्हनून गाडी पळायली की शीळ घालती.”

“पर पुरावा, काकू?”

म्या चुलीमागच्या खिडकीकडं बोट केलं. हिची काच येका कोपऱ्याला गोल, येका अंगाला तिरपी. सगळे म्हनायचे सुतारानं माप चुकवलं. ती काच म्हंजी गाडीतला उरलेला तुकडा. आमच्या ह्यांनी बसवलेला.

बन्सीधरनं खिडकीची पट्टी उचकटली, काच पोटाशी धरून आखाड्याकडं पळाला. मागं मी, कडूबाई, आन काठी टेकत सरजाबाई. लांबी खरवडून काच कोपऱ्यात धरली. गोलाईला गोलाई. जशी कालच काढली हुती.

“दुसरी,” बन्सीधर म्हनला, आन फतकल मारून खालीच बसला.

म्या सासूबाईकडं बघितलं. “आत्याबाई, आता तरी सांगा, काच कुनी फोडली?”

त्या तोंडातला तंबाखू सारत म्हनल्या, “नेम बराबर हुता. गाडी पुढं आली.”

दुसऱ्या तुकड्यासाठी ह्याच काचंवरून साचा काढला, पट्टी नवी बसवली. शोकेसची काच माझ्या खिडकीला आली. आमी चौघं निघताना सरजाबाईनी नारळ घेतला, तर बन्सीधर गाडीपुढं हात पसरून उभा. “आज्जे, खाली! दगडावर!”

संभाजीनगरला गाडी मॉरिसच्या रांगेत, दोन काचांच्या गाड्यांत लागली. बन्सीधरनं गाडीपुढची नावाची पाटी दोनदा पुसली. मंग ‘इतर’कडं गेला, आन येताना हातात चार कुल्फ्या.

“काकू,” माझ्या हातात एक देत म्हनला, “गेल्या साली गाडा सहजच थांबलता.”