अण्णांच्या कानाचं मशीन

"अण्णा वरून सगळं ऐकत असतील," काल शोकसभेत दादा माईकवर म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. समोर आमच्या वडिलांचा हार घातलेला हसरा फोटो होता. तो त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीचा.

त्या दिवशी जयनगरच्या हॉलमध्ये तुपाच्या दिव्यांचा आणि शेवंतीचा वास कोंदला होता. ओवाळून झाल्यावर अण्णा पगडी घालून खुर्चीत बसले आणि त्यांच्या कारखान्यातले जुने सोबती एकेक करून बोलायला उठले. अण्णांनी आपल्याला काम कसं शिकवलं ते सांगताना एकाला तर रडूच आलं. अण्णांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. फोटोत वाईट दिसतं म्हणून दादाने त्यांच्या कानातलं मशीन काढून स्वतःच्या खिशात टाकलं होतं! मी मागितलं तर म्हणाला, "स्वल्प थांब गं, कार्यक्रम होऊ दे."

"स्वल्प नगी, सर!" जरा हसा म्हणून फोटोग्राफर कानडीत ओरडला. अण्णांना तेही कळलं नाही. दादाने बोटांनी स्वतःचे ओठ ताणून दाखवले, तेव्हा ते हसले. तेच हे हसू.

मग त्यांनी मला जवळ ओढलं. "काय म्हणतायत गं सगळे?"

"तुमचं कौतुक चाललंय," मी कानाशी ओरडले.

"मग मला ऐकू दे की!"

अण्णा पंचाण्णव वर्षं जगले. ते बोलणारे सगळे त्यांच्या आधी गेले.

काल दादा माईकवर रडत होता आणि मला उठून त्याचा खिसा तपासावासा वाटत होता.