आधी जेवणाऱ्या वहिनी

आमगावहून आलेल्या पाहुण्याने चपला काढता काढताच सांगितलं, "सुमित्रावहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं." त्याला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. माझ्या थोरल्या भावाची ही बायको... भातशेतीवाल्या पोवारांचं आमचं मोठं घर, आई तापट, आणि त्या घरात या बाईने जे केलं ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास वहिनींचं पोट दुखू लागलं. छातीखाली आग पडायची, आंबट पाणी तोंडाशी यायचं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत रोपं लावता लावता बांधीतल्या चिखलातच पोट दाबून बसायच्या. वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले. आई म्हणाली, उपास वाढव. त्यांनी वाढवले, दुखणंही वाढलं. मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. सुट्टीत घरी गेलो तर वहिनी वाळून गेलेल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या नागपुरात निस्ता पोटाचाच डॉक्टर आहे म्हनतात. मले न्या." दादा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत... आम्ही गाडी धरली.

डॉक्टर शौचाचा रंग विचारू लागले तसा वहिनींच्या वतीने बोलणारा मी लाजेने अडखळलो. वहिनींनी मला थांबवलं. "पोट माह्यं आहे, मीच सांगीन." काळं होते, घेरी येते, उपाशी राहिलं की आग पडते, दोन घास खाल्ले की निवते... सगळं नजर न चोरता सांगितलं. खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. जठराच्या खालच्या तोंडाशी व्रण निघाला. "तिखट बंद, उपास बंद," डॉक्टर म्हणाले, "आणि जेवण वेळेवर, पोटात आग पडायच्या आत."

वहिनी हसल्या. "आमच्याकडे मानसं जेवल्याबिगर बाईचं ताट नाही वाढत, साहेब."

"मग बाई, औषधाचा काही उपयोग नाही."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, दादा शेतावरून यायच्या आधी, वहिनींनी पाट मांडून स्वतःला दूधभात वाढून घेतला. मी ओसरीवरून पाहत होतो. आई कडाडली, "काऊन वो, लाज सोडली का? घरचे मानसं उपाशी अन तू जेवून राहिली?"

वहिनींनी घास गिळला. "मले मराचं नाही, आत्याबाई."

तेवढ्यात दादा दारात आले. त्यांनी पाहिलं, पाय धुतले, आणि दुधाचं भांडं उचलून वहिनींच्या ताटात ओतलं. आईने कितीतरी दिवस अबोला धरला. विहिरीवर बायका कुजबुजत. वहिनींनी वेळेचं जेवण सोडलं नाही. हळूहळू आग थांबली, अंग भरलं. मग त्यांनी धाकट्या जावेलाही हाताला धरून शेजारी बसवलं. पुढे त्याच विहिरीवरच्या बायका पोटदुखी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. वहिनी औषध सांगत नसत. "आधी जेवली का वो?" एवढंच विचारत, आणि अवघड वाटलं तर त्या बाईच्या नवऱ्याला गाठून नागपूरचा रस्ता सांगत.

वहिनी गेल्याचं कळल्यावर गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो. दुपारी आम्ही पुरुष ओसरीवर बसलो होतो. आतून भाताचा वास आला. आईला आता नीट दिसत नाही, ती चुलीजवळ भिंतीला टेकून असते. तिची हाक ऐकू आली... आम्हाला नव्हे, सुनानातींना.

"बसा वो पोरींनो. भात निवून राहिला."