आठचा डावा, सहाचा उजवा

रज्जाकभाई गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघायचे. काचेचं दार उघडलं की त्यांची नजर थेट पायांवर. चिंचवडच्या मुख्य रस्त्यावर बुटांच्या एका जुन्या कंपनीची शाखा होती, तिथे ते तीस वर्षं सेल्समन होते. आपण रुबाबात "नऊ नंबर दाखवा" म्हणावं, तर बुटक्या स्टुलावर बसत ते म्हणायचे, "नंबर राहू द्या साहेब, पाय दाखवा." मग दोन्ही पायांचं माप, तेही उभं करून. "बसलेला पाय आराम करतो. तुम्हाला बूट घालून कामाला उभं राहायचंय ना?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाय दाखवायलाच तयार नव्हतो. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझं उजवं पाऊल लहान राहिलं. डावं आठ नंबरचं, उजवं सहाचं. चाकणच्या एका कारखान्यात नुकतीच तपासनिसाची नोकरी लागली होती. सेफ्टी शूजशिवाय गेटच्या आत घेत नसत, म्हणून आठचा जोड घेऊन मी उजव्यात कापूस कोंबत होतो. दुपारपर्यंत टाच सोलून निघायची. सुपरवायझर माझ्या चालण्याकडे बघू लागला होता आणि नोकरी टिकते की जाते, याची मला रोज धास्ती वाटायची.

रज्जाकभाईंनी मोजा स्वतःच्या हाताने उतरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माप घेतलं, डोळे मिटून काहीतरी आठवलं आणि म्हणाले, "आठ दिवसांनी या. तुमच्या उलटा पाय आहे माझ्याकडे एक."

मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलंय. आठ दिवसांनी गेलो तर खोकं तयार. आत डावा बूट आठचा, उजवा सहाचा, दोन्ही कोरे करकरीत. उरलेला सहाचा डावा आणि आठचा उजवा दुसऱ्याच कुणीतरी नेला होता. जोड फोडायचा नाही, असा कंपनीचा नियम. यांनी दोन गिऱ्हाइकांना दोन अख्खे जोड विकले आणि मग आपापसांत अदलाबदल करून दिली! त्या दिवशी मी रिक्षा केली नाही. घरापर्यंत चालत गेलो.

पुढची बारा वर्षं न चुकता त्यांचा फोन यायचा. "साहेब, तळ झिजला असेल. या." कुठे लिहून ठेवलेलं नाही, सगळं डोक्यात. "तो दुसरा कोण हो?" मी दर वेळी विचारायचो. "दुसऱ्याच्या पायाची गोष्ट चारचौघांत करायची नसते," एवढंच उत्तर. एवढ्या कंपन्यांच्या पसाऱ्यात कुठेतरी एक माणूस माझ्या जोडाचे उरलेले बूट घालून हिंडतोय, या विचाराने मी थक्क व्हायचो.

मग मोबाईलवरची खरेदी आली. हिंजवडी-ताथवड्याची तरुण मंडळी यायची, चार जोड घालून बघायची, खोक्याचा फोटो काढायची आणि बाहेर जाऊन मोबाईलवर मागवायची. एकदा एका मुलीने माझ्यासमोरच तसं केलं. मी चिडलो. रज्जाकभाईंनी तिला हाक मारली, "बेटा, एक नंबर वाढवून मागव. पंजा रुंद आहे तुझा." मी काही बोलणार, तर मलाच झापलं, "बूट कुठूनही येऊ दे, चालायचं तर तिलाच आहे ना?" खोटं कशाला बोलू, माझ्या मुलांचे बूट मीही मोबाईलवरच घेत होतो.

आधी निगडीची शाखा बंद झाली, मग भोसरीची. यंदा चिंचवडची शाखा बंद करण्याचंही पत्र आलं. एका खोक्यात दोन नंबर मला कोण पाठवणार?

शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "तुमच्या पायाचं एका माणसाला सांगितलं तर चालेल?" मी हो म्हणालो. रविवारी सकाळी गेलो, तर रिकाम्या फळ्यांपुढच्या बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. मोशीचे ज्ञानोबाभाऊ. प्रेस मशीनवर त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेलेली. ते माझ्या बुटांकडे बघतच राहिले.

"व्हय हो, ह्ये तर माज्याच जोडातले हायेत की! किती वर्सं इचारतोय ह्यांना, पन न्हाई म्हंजी न्हाई सांगितलं."

रज्जाकभाईंनी माझाच मोबाईल मागून घेतला. ज्याच्यापायी त्यांचं दुकान बंद होत होतं, त्याच मोबाईलवर त्यांनी आम्हाला शिकवलं: एक आठचा जोड, एक सहाचा, दोन्ही एकाच पत्त्यावर मागवायचे आणि घरी वाटून घ्यायचे. "घर बदललं तर एकमेकांना कळवा. भांडू नका." दुकानातले बाकीचे लोक महिनाभर नवी नोकरी शोधत होते. आणि हा माणूस महिनाभर फोन करून अशा अठरा जणांच्या, दोघादोघांच्या, गाठी घालून देत होता. माझे डोळे भरून आले. एवढं मोठं मन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आणि तुमचं काय, रज्जाकभाई? पुढे काय करणार?"

ते हसले. "माझं काय साहेब? माझे दोन्ही पाय सातचे. मला कुठंही मिळतील."