पेटीतला कापूस

"तुमाले हात लावाले सांगतलं कोनं?"

"सांगाले कायले पाह्यजे? थंडी पडून राह्यली. मले दिसत नाई का?"

"दिसते ना! मंग दारातच कापूस कोंबला, थे नाई दिसलं?"

"दारात नाई कोंबला. फटीत कोंबला. अन् झाकनाखाली जरासा."

"जरासा! टोपलंभर निंघाला, टोपलंभर!"

रुखमामामी परसात मधमाश्यांच्या पेटीपुढं बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापूस. मारोतीमामा मागच्या दारात उभा होता, कानावरून दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. मी दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळहून आले होते आणि चहाचा कप हातात धरून दोघांच्या मधोमध अडकले होते.

घाटंजीच्या पलीकडचं ते मामाचं गाव. त्या वर्षी कापूस घरात आला आणि घरातच राहिला. खरेदी लांबली होती, आज सुरू होईल, उद्या होईल, असं चाललं होतं. समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. आम्ही कापसाला टेकून जेवायचो, कापसातच झोपायचो. उठलं की केसांत, पापण्यांवर कापूस. मामा येता-जाता त्या ढिगाकडं बघायचा, घरात बसलेल्या उपवर मुलीकडं बघावं तसा.

मामीला मात्र त्या दिवसांत कापसाकडं बघायला सवड नसे. धम्मचक्र दिनाला नागपूरला जाऊन आली, की दुसऱ्याच दिवशी तिची पेट्यांची तयारी सुरू व्हायची. रिकामी पोळी काढून घ्यायची. मधानं भरलेली दोन तशीच ठेवायची.

"मामी, हा मध नाही काढायचा?"

"थे त्याईच्या हिवाळ्याचं हाय. पोरीले घरून डबा देते ना तुही माय? तसंच."

मग पेटीचं दार बोटभर लहान करायचं, तोंड उगवतीला आहे ना बघायचं, पायांखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी भरायचं, आणि शेवटी वरून जुना बारदाना पांघरायचा. बारदाना टाकताना ती पेटीवर दोनदा बोटानं टकटक करायची. आतून एक लांब हुंकार यायचा. "हाव म्हनते," ती सांगायची. तो हुंकार मला अजून ऐकू येतो. नोव्हेंबरातली हवा कोरडी झाली की हमखास.

पहिलं पोळं तिला देवराव कोलामानं मोहाच्या ढोलीतून काढून दिलं होतं, न जाळता. त्या एका पोळ्याच्या तिनं पाच पेट्या केल्या. मग कपाशीवरचे फवारे वाढले. मामा आपल्या फवाऱ्याच्या आदल्या सांजेला सांगायचा, मामी उजाडायच्या आत पेट्यांची दारं बंद करायची. पण सारं शिवार थोडंच येऊन सांगणार? पाचाच्या दोन राहिल्या. आणि त्या दोनांतल्या एकीत मामानं कापूस भरला होता.

"हे पाहा," मामीनं सूप माझ्यापुढं धरलं. "याईच्या घरात काडी जरी गेली तरी याईले चालत नाई. सकायपासून एकएक तंतू वढून बाहीर फेकून राह्यल्या. अन् पाय गुतले का संपलं."

कापसात मेलेल्या माश्या होत्या. एकेकीच्या पायाला पांढरा धागा. पेटीच्या दारापासून अंगणापर्यंत तशीच पांढरी रेघ गेली होती.

"मले का माहीत, असं होते म्हून?" मामा म्हणाला. "मानसाले गोधडी लागते, मंग..."

"गोधडी! सा वर्सं झाले. न्हानीच्या दगडाच्या इकडं कधी पाय ठेवला तुमी? माशी दिसली का दुपट्ट्यात मुंडकं. अन् आजच काहून आला पुळका?"

"इतका कापूस पडून हाय घरात. म्हटलं कोनाच्या तरी कामी येईन."

मामीनं सूप खाली ठेवलं. मग जरा हळू आवाजात विचारलं, "कवा भरला?"

"पाहाटे. गारठ्यानं त्या बसून असते म्हने."

"झाकन उचललं होतं?"

"हाव."

"हातून पडलं?"

"निसटलं. जरासं."

मामीनं डोळे मिटले. "म्हून राणी नाई. झाकनाखाली चेंदली. दोनदा पाह्यलं मी, सारी पोळी पाह्यली. राणी नाई त्यात."

मामाला राणीचं काय ते कळत होतं. सहा वर्षं जेवताना त्यानं तेच ऐकलं होतं. राणी गेली की नवी अंडी नाहीत, आणि हिवाळा सरेस्तोवर पेटी रिकामी. त्यानं चौकट धरली. दुपट्टा सैल होऊन खांद्यावर घसरला.

"कानाले काय झालं?" मामीनं विचारलं.

"काई नाई."

कान वांग्यासारखा सुजला होता. जांभळा, चकचकीत. मला हसू फुटलं, चहा सांडला. मामीनं माझ्याकडं डोळे वटारले, पण तिचाही ओठ हलला.

"किती डसल्या?"

"मोजत बसलो का मी?"

"चुना लावला?"

"कोनाले मांगू? तू इचारलं असतं, चुना कायले पाह्यजे."

मामी उठली. लुगड्यावरचा कापूस झटकला. दुसऱ्या, चांगल्या पेटीकडं बघत राहिली. हिवाळ्यात आता तेवढी एकच राहणार होती.

"याईले तिच्यात घालाचं," ती म्हणाली. "हे पेटी तिच्यावर, मंधी पेपर ठेवाचा. पेपर कुरतडेपर्यंत एकमेकीचा वास लागते, मंग भांडत नाई. पन सूर्य बुडता बुडता, साऱ्या घरात आल्या का, तवाच ठेवा लागते. अन् हलू नाई द्याचं. एकटीनं नाई उचलत मले."

"शेजारच्या रूपसिंगले बलावू?" मामा म्हणाला.

"रूपसिंगनं मारली का राणी?"

मामानं चौकट सोडली.

"तुमी धरान का, सांगा," मामी म्हणाली. "नाई तं नाई म्हना. मी पाह्यतो मंग माह्यं."

ऊन गोठ्याच्या भिंतीवरून निम्मं उतरलं होतं. मामानं सुपातल्या कापसाकडं पाहिलं, सुजल्या कानाला हळूच बोट लावलं. मग खुंटीवरचा बारदाना काढला, तंगूसाच्या दोरीवरचा कालचा पेपर काढून काखेत मारला, दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला, आणि न्हानीचा दगड ओलांडून गेला.