टोपलीखालचं पीठ

चैत्रात एका दुपारी मी फळी पुसायला गेले आणि टोपलीखाली पिवळसर पीठ दिसलं. बेसन सांडलं असेल असं वाटलं, पण त्या फळीवर बेसन कधीच नसतं. पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेवढंच पीठ. टोपली उलटी करून टिचकी मारली तर तळातून आणखी भुरभुर पडलं. बांबूच्या पट्टीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. आधी दोन दिसली. मग खिडकीपाशी नेऊन पाहिलं तर सात.

ती टोपली नमुन्याची, घरी ठेवलेली. त्याच बांबूच्या, तशाच एकवीस टोपल्या मी पंधरा दिवसांपूर्वी ऊर्जानगरच्या एका मॅडमकडे पोचवल्या होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. आलेल्या सवाष्णींना त्या टोपलीत हळदकुंकू, सुपारी आणि खोबऱ्याच्या वड्या घालून द्यायच्या होत्या. वड्यांवर हे पीठ पडणार, हेच मला पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं.

मी बांबूचं काम शिकले ते वडिलांकडून. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारी माणसं. वडील मासोळ्यांसाठी बांबूचे पिंजरे विणायचे आणि मी शेजारी बसून काड्या सोलून द्यायची. चौथीनंतर शाळा सुटली, पण हे सुटलं नाही. लग्न होऊन गोंडपिपरीकडच्या या गावात आले तेव्हा नवऱ्याचे पिंजरेही मीच विणू लागले. मग उरलेल्या काड्यांच्या लहान टोपल्या करून पाहिल्या. कोणाला दाखवत नव्हते. कोणी आलं की पदराखाली घ्यायची.

टोपलीत काय करायचं ते मला बाहेर फिरताना सुचतं. पावसाळ्यात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात, त्यावरून मी टोपलीची मान निमुळती केली. मोहाचं फूल गळायच्या आधी गोल, रसरशीत होतं, तसा झाकणाला गोंडा केला. शिमग्याच्या सुमाराला पळस फुलला की फुलं उकळून काठाच्या काड्या रंगवते. त्या रंगाला केशरीही म्हणता येत नाही आणि पिवळाही म्हणता येत नाही. बचत गटाच्या बायकांनी मला ओढून चंद्रपूरच्या प्रदर्शनात नेलं होतं, तिथे मॅडमनी त्या काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा रंग कुठून आणला?" मी खाली बघत म्हणाले, "झाडावरचा हाये." त्या हसल्या आणि एकवीस सांगितल्या.

मोठं काम मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पौषात आमच्या बांधावरच्या बेटातून बांबू तोडला, माघभर विणलं, फाल्गुनात रंगवलं. आता सगळं आठवून बघत होते की चुकलं कुठे.

पुढचे आठ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. दुपारी घर शांत झालं की नमुन्याची टोपली कानाला लावायची. आतून बारीक करकर यायची, नखाने कागद खरवडावा तशी. एकदा नवरा बाजेवर पडल्या पडल्या बघत होता.

"टोपलीले कान लावून काय ऐकून राह्यली वं? रेडिओ लागला का त्यात?"

"काही नाई. काड्या पक्क्या हायेत का पाहून राह्यली."

"कानानं?"

मी उठून आत गेले. फोन वाजला की मी आधी दुरूनच नाव बघायची. मॅडमचा असेल असं वाटायचं. एकदा खरंच त्यांचा होता आणि मी तो वाजू दिला. नंतर दिवसभर हात कामाला लागेना. त्यांनी टोपल्या उघडून बघितल्या असतील का? की पेटीत बंद आहेत आणि आतल्या आत पोखरून चालल्या आहेत? मग वाटायचं, वैशाखापर्यंत कळणारच नाही. नंतर कळलं तरी मी इतक्या लांब आहे. असला विचार मनात आला की मी स्वतःलाच घाबरायची.

शेवटी शेजारच्या मावशीकडे गेले. त्यांचा जन्म सुपं विणण्यात गेला. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण मी त्यांना कामातलं कधी काही विचारलं नव्हतं. आपलं काम त्यांच्यासमोर काढायची लाज वाटायची. टोपली त्यांच्या हातात दिली. त्यांनी न बघताच वास घेतला, मग तळाला टिचकी मारली.

"बांबू कधी तोडला व?"

"पौषात."

"पौषात, पण चांद वाढत होता का उतरत होता?"

मला ते आठवावं लागलं. संक्रांतीचे तीळ निवडत होते आणि अंगणात चांदणं रोज थोडं जास्त पडत होतं. "वाढत होता," मी म्हणाले.

"मंग खाल्लंच समज. चांद वाढते तवा बांबूत गोड पाणी चढते. किड्याले तेच पाहिजे. चांद उतरू दे, मंग कोयता लाव. हे तर आमच्या घरची शेंबडी पोट्टीबी सांगन. तुझ्या बापानं नाई सांगितलं?"

"त्यायनं कधी चांद पाहिला नाई. लागला तवा तोडायचे."

मावशी हसल्या. "त्यायचं काय, त्यायचा पिंजरा तर सदा पाण्यात. पाण्यातल्या बांबूले कायची घुण लागते? ढिवराच्या लेकीनं सुकी टोपली केली अन् रीत ओलीची ठेवली." मग माझं तोंड बघून आवाज खाली आणला. "इचारलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुले?"

घरी येऊन मी पेटी उघडली. तिच्यात मला आवडलेल्या हातच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. जत्रेत जंगलातल्या एका म्हाताऱ्याकडून घेतलेली लाकडी फणी, सापडेल त्या टोकदार वस्तूने वेल कोरलेला एक भोपळ्याचा तुंबा, आणि सगळ्यात खाली वडिलांनी मी लहान असताना करून दिलेला वीतभर पिंजरा. त्यात मी काठाला बसून चिंगळ्या धरायची. तीस वर्षांहून जास्त झाली असतील. पिंजरा काळा पडला आहे, पण एक भोक नाही. टिचकी मारली तर लाकडासारखा वाजला.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि एकटी निघाले. तो म्हणाला, "मी येऊ का?" मी नको म्हटलं. तो सोबत असता तर तोच बोलला असता आणि मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले असते.

गोंडपिपरीहून चंद्रपूर आणि तिथून ऑटोने ऊर्जानगर. वाटेत एकच वाक्य घोकत होते: मॅडम, टोपल्यांना कीड लागली आहे, माझी चूक झाली. वीजकेंद्राच्या त्या वसाहतीत क्वार्टर सगळे सारखे. दोनदा चुकीच्या जिन्यावर चढले. दार उघडल्यावर मॅडम म्हणाल्या, "अगंबाई, ताई तुम्ही? फोन केला होता मी तुम्हाला. या, आत या."

टोपल्या कपाटावर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडल्या होत्या. काठ खिडकीच्या उजेडात पेटल्यासारखे दिसत होते. खाली कागदावर पिवळी भुकटी होती. मॅडमनी पाण्याचा पेला हातात दिला.

"सगळ्यांना फार आवडल्या हो. विहीणबाई तर म्हणाल्या, आम्हालाही करून द्या. त्यासाठीच फोन केला होता. फक्त धूळ फार धरतात. मी रोज पुसते. पण आपल्या चंद्रपुरात धुळीला काय तोटा!"

मी पाणी पीत होते. त्यांना ती धूळ वाटत होती. पेला संपवून, बरं येते, म्हणून मी उठू शकत होते. तेवढ्या एका घोटात ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं. घोकलेलं वाक्य तर केव्हाच गेलं होतं. मी पेला खाली ठेवला, एक टोपली उतरवली आणि माझ्या तळहातावर आपटली. हात पुढे केला.

"धूळ नाई मॅडम. घुण हाये. बांबू मी चुकीच्या दिवसात तोडला."

त्या एक पाऊल मागे सरकल्या. "म्हणजे कीड? जिवंत?"

"हो."

"यात मी वड्या भरणार होते, ताई! कधी कळलं तुम्हाला?"

"आठ दिवस झाले. भेव वाटलं."

त्या खुर्चीवर बसल्या. आत कुकरची शिट्टी झाली, पण त्या उठल्या नाहीत. "लग्नाला चोवीस दिवस राहिलेत. नवीन करून देता येतील?"

"नाई जमणार. आत्ताच्या बांबूले तर अजून लवकर लागन. ह्याच नेते. तलावात बुडवून ठेवते, गोड पाणी निघून जाते, कीडबी मरते. पण रंग जाईन."

"रंगासाठीच तर घेतल्या होत्या मी." त्यांनी कपाटावरच्या ओळीकडे पाहिलं. "पाण्यातून काढल्यावर पुन्हा नक्की लागणार नाही?"

नक्की म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. "पिंजऱ्याचं सांगू शकते," मी म्हणाले. "टोपलीचं कधी करून पाहिलं नाई."

त्या उठल्या. आत जाऊन एक जुनी चादर आणली आणि मला हात लावू न देता स्वतःच टोपल्या त्यात बांधल्या. गाठ घट्ट मारली. "दोन आठवड्यांत एक आणून दाखवा. बघून ठरवते. विहीणबाईंचं आता राहू द्या."

बसमध्ये गाठोडं मांडीवर होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाये वं यात, इतकं धरून बसली?" मी म्हणाले, "टोपल्या." तिला वाटलं विकायला नेते. दाखव म्हणाली. मी दाखवल्या नाहीत.

नवऱ्याने सगळ्या टोपल्या जुन्या जाळ्यात भरल्या, दगड बांधला आणि छातीभर पाण्यात नेऊन सोडल्या. पाणी हललं तसा पळसाचा रंग वर आला, एक पिवळी रेघ काठाकडे सरकली आणि पसरून नाहीशी झाली. मी काठावर उभी होते. मला वाटलं होतं रडू येईल, पण तेव्हा मी फक्त तलाव किती आटला आहे ते बघत होते. ऊन वाढत होतं. पाणी रोज वीतभर मागे जात होतं. म्हशी डुंबायला येतात, त्यांच्या पायाखाली गेल्या तर? रोज सकाळी जाऊन मी जाळ्याच्या जागी रोवलेली खुणेची काठी बघायची. मावशी ओट्यावरून ओरडायच्या, "पाहून पाहून पाणी आटवशीन व!"

दहाव्या दिवशी बाहेर काढल्या. शेवाळाने हिरवट, चिखलाच्या वासाच्या. एका टोपलीचं झाकण उघडलं तर आत बोटाएवढी मासोळी तडफडत होती.

नवरा पाण्यातच हसायला लागला. "बाप्पा! मॅडमले सांग, वडीसंगं मासोळी फुकट."

मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं ते मला कळलं. मासोळी त्याने परत पाण्यात सोडली.

तीन टोपल्या इतक्या पोखरलेल्या होत्या की हातातच मोडल्या. उरल्या अठरा. त्या घासून धुतल्या, सावलीत वाळवल्या. काठ राखाडी झाला होता. मोहाच्या फुलासारखा गोंडा तेवढा तसाच होता. मी जुन्या छत्रीचं काळं कापड फळीवर अंथरलं आणि अठरा टोपल्या त्यावर ठेवल्या. सकाळी उठल्यावर चुलीआधी तिकडे जायची. कापडावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक पांढरा ठिपका दिसला आणि मी तो बोटावर घेऊन खिडकीपाशी नेला. तो छपराच्या पोपड्याचा होता.

चौथ्या दिवशी एक टोपली आणि काळ्या कापडाचा एक तुकडा घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी टोपली नाकाशी नेली.

"कशाचा वास हा?"

"तलावाचा. उन्हानं जाते हळूहळू."

"रंग पार गेला."

"हो."

मी सांगितलं की ती त्या कापडावर ठेवा आणि रोज बघा. त्यांनी ठेवली. चार दिवसांनी फोन आला. या वेळी मी उचलला. पलीकडून आवाज आला, "कापड स्वच्छ आहे. बाकीच्या सतरा आणा. वड्या मात्र मी कागदात गुंडाळून ठेवणार हं ताई, राग मानू नका." मी म्हणाले, "नाई मानत." राग नव्हताच. वाईट मात्र वाटलं, तेही खरं. कागद कशाला ते मला माहीत होतं.

लग्न झालं. त्या टोपल्या आता अठरा घरांमध्ये आहेत, कोणत्या ते मला माहीत नाही. पावसाळा आला, बाभळीला खोपे लटकले. एखाद्या घरात कोणी फळी पुसत असेल आणि बोटाला पीठ लागत असेल का, हे भाकरी थापताना मध्येच मनात येतं. मॅडमचा फोन त्यानंतर आला नाही. हे मी चांगलं मानायचं की वाईट, ते ठरवता येत नाही.

यंदा पौष लागला तेव्हा मी कोयता काढायच्या आधी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी सुपाची काडी दातात धरली होती. ती काढून म्हणाल्या, "काऊन आली?"

"बांबू तोडायचा हाये. कधी तोडू?"

"पुनव होऊ दे. मंग चार दिवसांनी ये, मी येते संगं. पाण्यातबी टाकजो पंधरा दिवस, तुझ्या बापाची रीत काही वाईट नाई."

पुनवेनंतर चौथ्या दिवशी त्या आल्या. कोणता बांबू घ्यायचा ते बोट दाखवून सांगत होत्या आणि मी तोडत होते. आता नऊ बांबू तलावात दगडाखाली आहेत. फळीवर काळं कापड अजून आहे आणि त्यावर मोडलेल्यांपैकी एका टोपलीचा अर्धा तुकडा ठेवला आहे. आज सकाळी त्याच्याभोवती बोट फिरवलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं. काही लागलं नव्हतं. मग चूल पेटवली.