उसनं न देता येणारं पुस्तक

गुरुजी कारध्याला राहतात आणि मी भंडाऱ्याला. मध्ये वैनगंगा आणि तिच्यावरचा पूल. ते शाळेतून निवृत्त झाले, मी बँकेतून. आमची ओळख एका पुस्तकावरून झाली आणि पुढे टिकली तीही पुस्तकांवरच. दर रविवारी दोघांपैकी कुणीतरी पूल ओलांडायचं, पिशवीतून पुस्तक काढायचं, चहा घ्यायचा आणि मागच्या पुस्तकावरून वाद घालायचा. गुरुजी समासात पेन्सिलीने टिपणं करत. मी त्यांच्याखाली उत्तरं लिहीत असे. काही पुस्तकांत लेखकापेक्षा आम्हीच जास्त बोललो आहोत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जुन्या कादंबऱ्यांची बारीक छपाई मला झेपेना. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. त्यांनी त्या कादंबऱ्या पाहिलेल्या नव्हत्या. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, ई-बुक वाचा. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं." बँकेत मी जन्मभर कर्जाची प्रकरणं तपासली होती. त्याच शिस्तीने हेही प्रकरण हाती घेतलं.

बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो आणि पुस्तकं वाचायला काय चांगलं, असं विचारलं. दुकानदाराने एक टॅबलेट काढून त्यावर क्रिकेट लावून दाखवलं. "हे नाही, वाचायला," मी म्हणालो. "वाचता बी येते ना काका," तो म्हणाला आणि आवाज वाढवला.

मग मुलाकडून वाचनाच्या अ‍ॅप्सची नावं मागवली आणि माझ्या फोनवर एकेक अ‍ॅप उतरवून पाहिलं. एका अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटत होती. 'प्रश्न' हा शब्द तीन तुकड्यांत पडलेला असे. दुसऱ्यात पुस्तकं म्हणजे छापील पानांचे फोटो होते. अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाई, आणि नांगराचा बैल बांधावर वळवावा तसं प्रत्येक ओळीच्या शेवटी पान मागे आणावं लागे. तिसरं चांगलं होतं, पण ते दर थोड्या वेळाने मी आज किती वाचलं याबद्दल माझं अभिनंदन करी. या वयात मला ते सहन होईना. अखेर मी वाचनासाठीच बनवलेलं एक यंत्र ऑनलाइन मागवलं. पाटीएवढं, राखाडी पडद्याचं, कागदासारखं दिसणारं. त्यावर दुसरं काहीच करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. या सगळ्या निवडीत पावसाळा आला आणि मी एकही पुस्तक पुरं वाचलं नव्हतं.

रविवारी ऐटीत पूल ओलांडला. गुरुजी ओट्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

"कादंबरी वाचून राहिलो," ते म्हणाले. "काल संपवली एक, ही दुसरी."

त्यांनी कुठलीच चौकशी केली नव्हती. शेजारच्या दुकानातून एक अ‍ॅप टाकून आणलं होतं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लावून घेतली होती. मी माझं यंत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"याच्यात फोन नाही लागत?"

"नाही."

"मग एवढं ओझं कायले बाळगता?"

तो रविवार यंत्र चांगलं की मोबाईल यावर गेला. निघताना ते सवयीप्रमाणे म्हणाले, "कालची कादंबरी चांगली आहे. घेऊन जा." आणि मोबाईल हातात धरून ती कुठून काढून द्यायची ते शोधू लागले. मीही चष्मा सावरून शोधू लागलो. अ‍ॅपमध्ये पुस्तक भेट देण्याचं बटण होतं, जगाला सांगण्याचं होतं, तारे देण्याचं होतं. मित्राला आठवडाभर वाचायला देण्याचं नव्हतं.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पुस्तक विकत घेत नाही. वाचायची परवानगी विकत घेता."

मी हे गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "शाळेतल्या पोरांकडून पुस्तकं परत मागता मागता माझी नोकरी संपली. आता देतो म्हटलं तर जात नाही."

पुढच्या वेळी आम्ही तोडगा काढला. एकच पुस्तक दोघांनी आपापल्या अ‍ॅपवर घेतलं. त्यातून वाद आणखी अवघड झाला. ते म्हणत, दोनशे चाळिसाव्या पानावर पाहा. माझ्या यंत्रात पानंच नव्हती, टक्के होते. मी म्हणे, एकतीस टक्क्यांवर या. ते शिक्षक होते, त्यांना एकतीस टक्के म्हणजे नापासच वाटे. मतभेदाचा परिच्छेद सापडेपर्यंत मतभेद कशावर होता ते आम्ही विसरून जात असू.

शेवटी एका रविवारी माझ्या घरी ठरलं की अख्खी वस्तूच बदलायची. माझं यंत्र त्यांच्याकडे आणि त्यांचा मोबाईल माझ्याकडे, पुढच्या रविवारपर्यंत. सिम काढून ठेवावं असं वाटलं, पण ते काढायची बारीक पिन दोघांकडेही नव्हती. "मले कोण फोन करते?" गुरुजी म्हणाले. "आणि घरी बायकोचा आहेच."

पहिल्याच दुपारी गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला. मग वहिनींचाच आला, येताना कोथिंबीर आणा म्हणून. त्यांना अदलाबदल कुणी सांगितलीच नव्हती. मी वाचनाकडे वळतो न वळतो तोच पुन्हा घंटी वाजली. पडद्यावर नुसतं 'बपेरा' असं लिहिलं होतं. तिथे गुरुजींची धाकटी बहीण दिली आहे, हे मला माहीत होतं.

मी हॅलो म्हणण्याआधीच पलीकडून सुरुवात झाली. "दादा, तुले बहीण आहे का नाही? पाय मोडून घरात पडून आहो. प्लास्टर घातलं. घरचे सारे धानाच्या रोवणीले जातात, मी दिवसभर पंख्याकडे पाहत राहतो. सुनेले म्हटलं, दादाले सांगू नको. पाहू, त्याले स्वतःहून आठवण येते का. नाही आली तुले." एवढं बोलून ती दम घ्यायला थांबली.

"ताई," मी म्हणालो, "मी गुरुजी नाही. त्यांचा भंडाऱ्याचा मित्र बोलतो आहे."

पलीकडून सावध आवाजात, "माह्या दादाचा फोन तुमच्याजवळ काहून? त्याले काही झालं का?"

"नाही, नाही. मी वाचायला घेतला. त्यात पुस्तक आहे."

"त्याच्या घरी खोलीभर पुस्तकं आहेत ना जी. ते सोडून फोन कायले नेला?"

त्यांना आत्ताच निरोप देतो, एवढं म्हणालो. मी फोन ठेवला, स्कूटर काढली आणि पुलावरून कारध्याला गेलो. कोथिंबीर घ्यायला विसरलो नाही. गुरुजी ओट्यावर माझ्या यंत्रात गढले होते. मी मोबाईल परत दिला आणि बहिणीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी यंत्र मांडीवर पालथं ठेवलं.

"एवढे दिवस फोनच हातात होता माझ्या," ते म्हणाले. "तिले एक फोन लावला नाही."

वहिनी कोथिंबीर निवडत आतून म्हणाल्या, "तिले फोन लावा म्हणून मी सांगत होतो, तर म्हणे, धडा संपू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तुमसरच्या बसने बपेऱ्याला गेले. घाईघाईत मोबाईलबरोबर माझं यंत्रही पिशवीत गेलं. चार-पाच दिवसांनी परतले तेव्हा पिशवीत यंत्र नव्हतं.

"विसरलात?" मी विचारलं.

"नाही. देऊन आलो." ते नदीकडे पाहत होते. "मी वाचत होतो तर म्हणाली, दाखव. तिचा चष्मा जुना आहे. मी अक्षर मोठं करून दिलं. एका पानावर चार-पाच ओळीच मावत होत्या, पण वाचू लागली. आमच्या वडिलांनी तिची शाळा सातवीत बंद केली, बाबू. तेव्हापासून पोथी सोडून काही वाचलं नव्हतं तिनं. आता तिच्या हातातून कसं काढून आणू?"

इतक्या तपासणीनंतर निवडलेली ती वस्तू माझ्या हातात महिनाभरही टिकली नव्हती. पण खातं अजून माझ्याच नावावर होतं, आणि त्यातून एक गोष्ट निघाली. मी भंडाऱ्यात पुस्तक घेतलं की, ताईंच्या सुनेच्या मोबाईलचं नेट जोडताच, ते बपेऱ्यात उघडतं. गुरुजींना नदीपलीकडे जे देता येत नव्हतं, ते त्यांच्या बहिणीला, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या बपेऱ्यापर्यंत, मला बसल्या जागेवरून देता येतं. तिचं प्लास्टर कधीच निघालं. यंत्र मात्र आलेलं नाही, आणि ते मागण्याचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मी आता माझ्या फोनवर गुरुजींच्याच अ‍ॅपवर वाचतो, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लावून. मोबाईलने डोळे जातात, असं गुरुजी आता मला सांगतात. त्यांना माझ्यासारखं यंत्र हवं आहे आणि कोणतं घ्यावं याची ते सध्या कसून चौकशी करत आहेत.

ताईंचा फोन आता थेट मलाच येतो. कालही आला होता. मी पाठवलेली कादंबरी बरीच नावाजलेली आहे, म्हणून मी उत्सुकतेने विचारलं, कशी वाटली.

"भाऊ, त्याच्यातली बाई दिवसभर खिडकीत बसून विचारच करत राहते जी," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं कोणी करणारं दिसत नाही, तरी स्वयंपाक कोण करते ते लिहिलंच नाही. मी अर्ध्यावर सोडली. दुसरी पाठवजा."