तिसरी गोळी

हे मी कोणालेच सांगतलं नाही. पोरालेही नाही, विहारातल्या जुन्या दोस्तांलेही नाही. आज तुमच्याजवळ बसलो तर म्हटलं — बोलून टाकावं.

मी जिवंत आहे, चांगला आहे. हुडको कॉलनीतल्या घराचा जिना न थांबता चढतो, भाजी आणतो. छातीत दुखत नाही. त्या गोळीचे उपकार, आन वैशालीचे — वैशाली म्हणजे माझी सून. पण उपकार म्हणाले गेलो की विषयच बदलून टाकतो. कावून बदलतो, तेच सांगून राहिलो.

चार वर्षं झाले असतील, मले छातीत दुखणं सुरू झालं. डॉक्टरनं गोळी लिहून दिली — सकाळी आठले एक, दुपारी तीनले एक, रात्री अजिबात नाही. रात्रभर शरीराले सुट्टी पायजे म्हणे, नाहीतर गोळीची सवय होते आन मंग ती लागूच पडत नाही. पहिले आठ दिवस डोकं असं ठणकलं की विचारू नका. पण छाती हलकी झाली. वैशाली स्मृति नगरच्या शाळेत शिकवायची. सकाळची गोळी हातावर ठेवून निघायची, दुपारची परत येऊन द्यायची.

आता माझी अक्कल पाहा. पस्तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये तीन शिफ्टमध्ये काढली. भट्टी कधी थंडी पडू दिली नाही आमी. मंग रात्रपाळी रिकामी कशी सोडायची? — भेव वाटायचं हो, खरं सांगतो. झोपेतच गेलो तर? म्हणून झोपताना गुपचूप तिसरी गोळी खायचो. डॉक्टरपेक्षा आपल्याले जास्त समजते, असंच वाटायचं.

महिन्याभरात दुखणं परत आलं. अर्ध्या जिन्यातच बसावं लागे. पोरगा घाबरला, आमाले दोघांले घेऊन डॉक्टरकडे गेला. गोळ्या वेळेच्या आधी संपून राहिल्या, हे डॉक्टरनं पकडलं. घरी देते कोण, विचारलं. वैशाली बाजूलेच उभी. तेव्हा एक शब्द खरा बोललो असतो तर? पण पोरासमोर, सुनेसमोर बेअक्कल ठरायचं? मी म्हटलं, "शाळेची घाई असते जी तिले. कधी कधी दोनदा देऊन टाकते."

झालं. डॉक्टर तिच्यावर भडकला. पोरगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ती मात्र माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मले आठवतच नाही जी दोनदा दिल्याचं. पण चुकलंच असन माझं." मी मान हलवली. हो — हलवली.

पुढच्या महिन्यात तिनं शाळा सोडली, मले सांभाळाले. बारा वर्षांची नोकरी. गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवते, आठ आन तीनले पाण्याचा गिलास घेऊन हजर. कुलपामुळं माझी तिसरी गोळी बंद झाली, म्हणून औषध परत लागू पडलं. म्हणजे वाचलो तिच्यामुळंच, नाही का? आन तिले वाटते, तिच्याच हातून मरत होतो.

तिच्या शाळेतल्या पोरी रस्त्यात भेटल्या की इथल्या हिंदीत विचारतात, "मॅडम, वापस कब आओगे?" ती हसते आन माझा हात धरून पुढं चालते. लय आभार वाटतात मले तिचे. रोज वाटते, पाया पडावं तिच्या. पडलो नाही.

वैशालीनं एकही गोळी कधी जास्त दिली नव्हती.